बावीस युरो कमी पडले

१४ ऑगस्ट २०२५ ला रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. भाच्याच्या जर्मनीतल्या खात्यात पैसे पोचल्याचा मेसेज दुपारीच आला होता, त्यामुळे बडोद्यात मांजलपूरला त्यांच्या घरी सगळे खुशीत होते. रात्री दुसरी मेल आली. तिच्यातल्या दोनच ओळी कामाच्या होत्या: १२,०५० युरो यायला हवे होते, १२,०२८ आले, उरलेली रक्कम आल्याशिवाय खात्याचं पत्र देता येणार नाही. ते पत्र २५ तारखेला व्हिसाच्या कागदांत लावायचं होतं. मधे १५ ऑगस्टची सुट्टी, १६ ला गोकुळाष्टमी, १७ ला रविवार. बँक उघडणार ती थेट सोमवारी, १८ ला.

मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात २६ वर्षं काढली. घरातलं किंवा दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातलं कुणी परदेशी निघालं की त्याचा फॉर्म आधी माझ्याकडे येतो. हाही आला होता, मी पाहिला होता, आणि तरी चूक झाली. म्हणूनच हे प्रकरण आकड्यांसकट लिहून काढते आहे. बडोद्यातल्या मराठी घरांतून दर वर्षी मुलं बाहेर पडतात, आणि पैसे पाठवण्याचा फॉर्म बहुतेक आईवडील आयुष्यात पहिल्यांदाच भरत असतात.

भाचा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून मेकॅनिकल झालेला. ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात त्याला मास्टर्सला प्रवेश मिळाला, सेमिस्टर १ ऑक्टोबरपासून. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मागताना वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. त्याचा सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे तिकडे ज्याला श्पेरकोंटो म्हणतात ते खातं. मराठीत मी त्याला अडवलेलं खातं म्हणते. सप्टेंबर २०२४ पासून त्यात महिन्याला ९९२ या हिशेबाने वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात; त्याआधी हा हिशेब महिन्याला ९३४ चा होता. पैसे मुलाच्याच नावावर असतात, पण तिकडे पोचेपर्यंत त्याला हात लावता येत नाही, आणि पोचल्यावरही दरमहा ठरलेली रक्कमच सुटते.

परदेशी शिकणाऱ्याला महिन्याचा खर्च महिन्याला मिळावा ही रीत बडोद्याला जुनी आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तेव्हा दरबार देत असे. आता आईवडील वर्षाचे पैसे एकरकमी भरतात आणि महिन्याचं वाटप तिकडचं खातं करतं. खातं काढून देणाऱ्या संस्थेचं शुल्क धरून आमच्या भाच्याला भरायचे होते १२,०५० युरो.

खातं काढणं ऑनलाइन, पासपोर्ट दाखवून, घरबसल्या झालं. अडलं ते नावावर. त्याच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग त्याचं नाव, मग वडिलांचं. आधारवर त्याचं नाव, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि त्याखाली त्याचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच ओळीत. फॉर्मवर मधल्या नावाची चौकट नव्हती, म्हणून त्याने वडिलांचं नाव सोडून दिलं. मी त्याला म्हटलं, "अरे, पासपोर्टात मधलं नाव असं काही नसतंच. त्या ओळीत जे छापलंय ते सगळं मिळून तुझं नाव." त्याला ते किरकोळ वाटलं. "मावशी, माणूस तर मीच आहे ना?" पण संस्थेला लिहून त्याने दुरुस्ती करून घेतली. त्यात चार दिवस गेले आणि माझ्या मते ते सत्कारणी लागले. ते कसं, ते पुढे येईल.

इकडे भाऊजी दराच्या मागे लागले होते. शाखेने पहिल्यांदा युरोचा दर १०३.४० सांगितला. भाऊजी दोन दिवस शाखेत जाऊन बसले, दुसऱ्या बँकेचा दर छापून नेला आणि १०२.८० वर आणला. त्यात चूक काहीच नाही. साठ पैसे गुणिले १२,०५० म्हणजे ७,२३० रुपये, आणि शाखेचा दर बोलून कमी होतो हे अनेकांना ठाऊकच नसतं. माझं म्हणणं एवढंच की त्या दोन दिवसांत सगळं लक्ष आपल्या बाजूला किती रुपये जातात याकडे राहिलं. तिकडे किती युरो उतरले पाहिजेत हे मनात धरून फॉर्म कुणी वाचला नाही.

निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. मर्यादा माणशी असते. पॅन लागतो, आणि ए-टू नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्मवर पैसे कशासाठी चालले याचा कोड असतो, आणि पहिली अडचण तिथे आली. काउंटरवरच्या मुलाने पैसे मुलाच्या नावे जाताहेत हे पाहून 'निकटच्या नातेवाइकाचा निर्वाह' असं कारण घातलं. ऐकायला बरोबर वाटतं. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नियमाने १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, गोळा करत होती: शिक्षणासाठी ५ टक्के, निर्वाहासाठी २० टक्के. १०२.८० ने आमची रक्कम १२,३८,७४० रुपये होत होती. म्हणजे वरच्या २,३८,७४० रुपयांवर एका कोडने ११,९३७ आणि दुसऱ्याने ४७,७४८. प्रवेशपत्र जोडून शिक्षणाचा कोड, एस ०३०५, घालून घेतला. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, त्याने लगेच बदलला. अशा शाखेत वर्षाला असे मोजकेच फॉर्म येतात. पुढचं काम दुसऱ्या शहरातल्या केंद्रीय कचेरीत होतं. त्यामुळे त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. दर वर्षी अर्थसंकल्पात हे आकडे हलू शकतात, तेव्हा पाठवणाऱ्याने त्या वर्षीचा दर पाहूनच हिशेब करावा.

ताई म्हणाली, अर्धे माझ्या खात्यातून पाठवू, म्हणजे दोघांचेही १० लाखांच्या आत राहतील. हिशेबाने ते खरं होतं. मी नको म्हटलं. टीसीएस हा बुडणारा पैसा नाही. तो भाऊजींच्या २६ एएस या आयकराच्या पत्रकात दिसला, आणि नोकरदाराला ऑक्टोबर २०२४ पासून १२ बीएए फॉर्म देऊन तो पगारातून कापल्या जाणाऱ्या करातून, म्हणजे टीडीएसमधून, वळता करून घेता येत होता. भाऊजी मकरपुऱ्याच्या कंपनीत पगारदार, त्यामुळे चार महिन्यांत ते पैसे जागेवर आले. शिक्षण कर्ज बँकेचं असतं तर टीसीएस लागलाच नसता. दोन वेगळ्या पॅनवरून दोन रकमा पाठवल्या असत्या, तर वाटेत दोनदा कपात होण्याची शक्यता होती. या कपातीची मला एवढी काळजी होती, आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या नजरेतून सुटली.

झालं असं. भाऊजींनी शाखेतून फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मी कोड पाहिला. लाभार्थ्याचं नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टशी ताडलं. आयबॅन, म्हणजे तिकडच्या खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, चारचारच्या गटांत मोठ्याने वाचून घेतला. जर्मनीचा आयबॅन डीई धरून २२ अक्षरांचा असतो. भाच्याच्या खात्याचा संदर्भ क्रमांक माहितीच्या ओळीत आहे ना, हे पाहिलं. तो नसेल तर पैसे संस्थेच्या सामायिक खात्यात उतरतात आणि कुणाचे ते कळायला दिवस जातात. सगळं ठीक होतं. भाऊजींना म्हटलं, करा सही. फोटो पहिल्या पानाचा होता. खर्चाची चौकट दुसऱ्या पानावर होती, आणि दुसरं पान मी मागितलं नाही.

त्या चौकटीत तीन पर्याय असतात: अवर, शा, बेन. अवर म्हणजे वाटेतला सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. बेन म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. शा म्हणजे आपल्या बँकेचा खर्च आपण द्यायचा आणि पुढचा जो काही होईल तो रकमेतून कापला जायचा. शाखेत शा ही जणू ठरलेली खूण आहे, कारण रोजच्या पाठवणीत ती चालून जाते. मामेभावाला अमेरिकेत ५०० डॉलर पाठवले आणि त्याला ४८५ मिळाले तर कुणाचं अडत नाही. इथे अडतं, कारण तिकडे ठरलेला आकडा पूर्ण व्हावा लागतो. निळ्या पेनाने मधल्या चौकटीत केलेली ती बरोबरची खूण मला सोमवारी दिसली.

सोमवारी सकाळी मी स्वतः भाऊजींबरोबर रावपुऱ्यातल्या शाखेत गेले आणि पहिल्यांदा स्विफ्ट संदेशाची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँकेने बँकेला पाठवलेल्या निरोपाची, प्रत मागितली. तेव्हा ती एमटी १०३ या नमुन्यात असे; ही प्रत मागायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. ग्राहकाला ती मिळते, पण आपण मागितली नाही तर सहसा कुणी देत नाही. त्यातल्या ७१ए या ओळीत शा लिहिलेलं होतं. आमच्या बँकेतून १२,०५० पूर्ण निघाले होते. मधल्या बँकेने, म्हणजे आपली बँक आणि तिकडची बँक यांना जोडणाऱ्या बँकेने, २२ युरो कापून १२,०२८ पुढे दिले. कुणी चोरी केलेली नव्हती, फॉर्मवर जसं लिहिलं होतं तसंच झालं.

आता २२ युरो पाठवायचे. भाऊजी म्हणाले, मग २२ पाठवूया. पण शा ठेवून २२ पाठवले तर मधली बँक पुन्हा तेवढेच कापणार आणि तिकडे हातात काही येणार नाही. म्हणून ६० युरो पाठवायचे ठरवले, अवरची खूण करून. अवर घातलं तरी एखादी बँक कापते हे मी नोकरीत पाहिलेलं आहे, म्हणून वरचे ३८ हाताशी ठेवले. कमिशन, स्विफ्टचा खर्च, तिकडचा खर्च आणि जीएसटी मिळून ३,१४० रुपये लागले. तूट होती सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. पहिल्याच वेळी अवर घालून वर ५० युरो जास्त पाठवले असते, तर हा दुसरा खर्च झाला नसता. जास्तीचे पैसे सहसा विद्यार्थ्यालाच परत मिळतात.

१८ ला निघालेले ६० युरो २० ला पूर्ण पोचले. २१ ला पत्र आलं. २५ ला कागद गेले, आणि २७ ला गणपती बसले तेव्हा ताईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला होता. त्या चार रात्री ती झोपली नव्हती.

व्हिसा हाती आल्यावर मी दुसरा विषय काढला तेव्हा भाऊजी जरा नाराज झाले. भाच्याचं बडोद्यातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयांतलं खातं, करायला हवं होतं. "शिकायला चाललाय तो, राहायला नाही," भाऊजी म्हणाले. पण रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २००३ च्या परिपत्रकाप्रमाणे शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थीही परकीय चलन कायद्यापुरता अनिवासी धरला जातो. आयकराचा हिशेब निराळा. एप्रिल ते सप्टेंबर तो इथेच होता, आधीची वर्षंही इथेच गेली, आणि तो नोकरीसाठी बाहेर पडलेला नव्हता. म्हणून त्या वर्षी आयकराच्या लेखी तो निवासीच राहिला. एकच मुलगा एका कायद्याने अनिवासी आणि दुसऱ्याने निवासी, हे लोकांना पटत नाही, म्हणून खातं तसंच पडून राहतं आणि चारपाच वर्षांनी केवायसी मागितल्यावर अडचण होते. एनआरओच्या व्याजावर रक्कम कितीही लहान असली तरी सेस धरून ३१.२ टक्के कर कापला जातो, विवरण भरून तो परत मागता येतो. म्हणून त्यात आम्ही थोडेच पैसे ठेवले.

त्याच आठवड्यात भाच्याच्या भारतीय सिमवर रोमिंग सुरू करून ठेवलं. पासवर्ड बदलायला ओटीपी त्या नंबरवर येतो आणि रिचार्जअभावी नंबर बंद झाला तर खातं असून नसल्यासारखं होतं. परदेशी नंबरावर यूपीआय चालवायची सोय २०२३ मध्ये ज्या दहा देशांपासून सुरू झाली, त्यांत जर्मनी नव्हतं.

तिकडे गेल्यावर त्याला आणखी एक खातं काढायचं होतं. अडवलेल्या खात्यातले ९९२ ज्यात पडतात ते रोजचं खातं, तिकडच्या भाषेत गिरोकोंटो. हे इथून काढता येईल तर पाहावं, पण बहुतेक बँका तिकडचा पत्ता मागतात, आणि पत्ता म्हणजे नगरपालिकेत नोंदवलेला पत्ता. ही नोंद राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. घरमालकाला डिपॉझिट हवं, डिपॉझिट द्यायला खातं हवं, खात्याला पत्ता हवा. भाचा २७ सप्टेंबरला पोचला तेव्हा त्याच्याकडे १,५०० युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड आणि ३०० युरो रोख होते. ते त्याच्याच पॅनवर, इंटर्नशिपच्या आणि आजीने दिलेल्या पैशांतून घेतले होते. कार्ड दुकानात चालतं, एटीएममधून पैसे देतं, पण त्यावरून घरमालकाच्या खात्यात पैसे टाकता येत नाहीत. पालक इथे हमखास फसतात, कारण त्यांना वाटतं कार्ड आहे म्हणजे सगळं आहे.

त्याच्या खोलीचं मूळ भाडं ३२०, आणि मालकिणीने डिपॉझिट मागितलं ९६०. जर्मन कायद्यात डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. मी त्याला फोनवर हे सांगितलं, त्याने अदबीने विचारलं, बाई हो म्हणाल्या. एटीएममधून काढून ३२० रोख दिले आणि पावती घेतली. त्यांनी नोंदणीचा कागदही लगेच सही करून दिला. खोली न दाखवता, किल्ली कुरियरने पाठवतो म्हणून आगाऊ डिपॉझिट मागणारा एक 'मालक' त्याआधी भेटला होता. ताई पाठवायला निघाली होती, तिला थांबवलं. त्याच्याबद्दल एवढंच.

बँकेच्या खात्यासाठी २ ऑक्टोबरला त्याने पोस्टाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून ओळख पटवली. कुठली बँक उभीच करत नसेल तर तिकडे २०१६ पासून साध्या खात्याचा हक्क कायद्याने आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत ते उघडून द्यावं लागतं. भाच्याला त्याची गरज पडली नाही. आयबॅन आठवड्याभरात मेलवर आला, पण कार्ड येईना. बँकेला फोन केला तर पाकीट परत आलेलं. त्याच्या टपालपेटीवर त्याचं आडनावच नव्हतं. तिथे पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो आणि नसेल तर पाकीट माघारी नेतो. कार्ड आणि पिन दोन वेगळ्या पाकिटांत येतात, दोन्ही परत गेली होती. त्याने कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत आडनाव लिहून चिकटपट्टीने पेटीवर लावलं आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं. कार्ड २२ ऑक्टोबरला आलं.

मधे, ९ ऑक्टोबरपासून, युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे सुटण्याआधी घेणाऱ्याचं नाव आणि आयबॅन जुळतात का हे तपासणं बंधनकारक झालं. भाच्याने रोजच्या खात्याचा आयबॅन संस्थेला कळवला तो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. दोन्हीकडे पासपोर्टवरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कुणी काही विचारलं नाही.

२८ ऑक्टोबरला संध्याकाळी त्याने खात्याचा फोटो पाठवला. पहिल्या हप्त्यात ९९२ ऐवजी १,०३० युरो आले होते. जास्तीचे ३८ ऑगस्टमधल्या त्या ६० मधले होते.